कुशीवरचं घर

ताईचे वडील जन्मभर लोकांची छपरं दुरुस्त करत उघड्या आभाळाखाली वावरले. कंबर मोडल्यावर मात्र भाड्याच्या खोलीत तीन वर्षं डाव्या कुशीवर पडून होते. समोर भिंत, भिंतीला पोपडे. हळूहळू त्यांनी बोलणंच टाकलं, तशी ताई हादरली. कपडे शिवून साठवलेलं सगळं घालून तिनं घर बांधायला काढलं. आर्किटेक्टला अट एकच होती: बाबांना अंथरुणातून आभाळ दिसलं पाहिजे.

आर्किटेक्ट पुठ्ठ्याचं घर घेऊन आला. उजवी भिंत म्हणजे नुसती काचेची खिडकी. पण कुशीवरच्या माणसाला त्यात काय कळणार? म्हणून त्यानं ते घर उशीजवळ डाव्या अंगावर कलंडवलं. बाबांनी आत डोकावून पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी तोंड उघडलं, "आता सरळ झालं. हलवू नका."

नेमका तेव्हाच गवंडी दारात उभा होता. गवंडी मोठा मानी. एकदा पाहिलेलं पुन्हा विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. मान डोलावून तो कामाला लागला. ताईला बाबांना सोडून हलता येत नव्हतं आणि आर्किटेक्ट दहा कामांत अडकला होता, त्यामुळे दोघांनी घर पाहिलं ते एकदम पूर्ण झाल्यावर.

घर कुशीवर झोपलं होतं. दार सात फूट रुंद, तीन फूट उंच. फरशी एका भिंतीला, पंखा समोरच्या भिंतीला, स्वयंपाकाचा ओटा मधेच आडवा फुटलेला. खिडकी सबंध छत होऊन बसली होती.

"अरे, हे काय करून ठेवलंस?" आर्किटेक्ट किंचाळला.

"तुम्ही दाखवलंत तेच. टेप लावा, इंचभर फरक निघाला तर नाव बदलीन," गवंडी म्हणाला.

ताईनं कपाळाला हात लावला. पण बाबांची खाट आत सरकवली आणि बाबा बोलायला लागले. ढगांबद्दल, घारींबद्दल, एकदा तर तिच्या भाजीतल्या मिठाबद्दलसुद्धा.

आठवड्यानं नगरपालिकेचे साहेब नकाशा घेऊन रांगत आत आले. उभे राहिले, नकाशा पाहिला, घर पाहिलं. "नकाशाप्रमाणे नाही. पाडावं लागेल."

"साहेब, घर पाडलंत तर बाबा पुन्हा मुके होतील हो," ताई काकुळतीनं म्हणाली.

"साहेब, नकाशा उभ्यानं बघताय होय?" बाबा खाटेवरून म्हणाले. "जरा आडवे व्हा की."

साहेब नियमाचे पक्के. पाहणी अर्धवट सोडणं त्यांना जमत नसे. ते बाबांच्या खाटेशेजारी डाव्या कुशीवर झाले. दार उभं झालं. ओटा फरशीवर आला, पंखा वर गेला, खिडकी मुकाट्यानं उजव्या भिंतीला लागली. साहेबांनी एकेका खोलीवर खूण केली.

"घर बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "आपण उभे होतो, ते चुकलं." आणि पडल्या पडल्याच त्यांनी सही ठोकली.

आर्किटेक्टही खात्री करायला आडवा झाला आणि स्वतःच्या कामावर खूश होऊन तसाच पडून राहिला.

ताई तेवढी चहाचं आधण कुठे ठेवावं या विचारात उभी होती.

"तू पण हो गं आडवी," बाबा म्हणाले. "तीन वर्षं उभीच आहेस."

ती जमिनीवर डाव्या कुशीवर झाली. उजवीकडे आभाळच आभाळ होतं. तिला रडू कोसळलं, आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरून आडवं वाहिलं.