खाडाखोडीची सही

मला आकडा चुकलेला चालत नाही. आधीच सांगून ठेवतो. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षं नोंदी तपासतोय. कुणी सातचा एक केलेला दिसला की माझं डोकंच फिरतं. चूक खोडायची ती एकच आडवी रेघ मारून, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली आद्याक्षरं टाकायची. सहीशिवाय खाडाखोड म्हणजे चोरी, असं खात्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी ऐकवतो. घरी चिमीलाही तेच शिकवलं. चौथीत असताना ती गणिताच्या वहीत खोडून बाजूला सही करायची. तिच्या वर्गशिक्षिकेनं मला बोलावून विचारलं होतं की ही काय भानगड आहे.

चिमी माझी एकुलती एक मुलगी. यंदा तिला विद्यापीठात राज्यशास्त्राला प्रवेश घ्यायचा होता. घेईन तर हेच, नाहीतर काही नाही. तिची आई घरी शाळेचे गणवेश शिवते. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "राज्य तर तू या घरात आधीपासूनच करतेस, आता त्याचं शास्त्र कशाला हवंय?" चिमी म्हणाली, "तुम्ही दोघं माझं ऐकत नाही, म्हणून." आम्ही हसलो. तेव्हा हसायला काही लागत नव्हतं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं तीन वर्षांचा आराखडा मांडला. रेघा मी मारून दिल्या, तिच्या रेघा कायम तिरक्या जातात. सहा सत्रांचे सहा रकाने. पहिल्या वर्षी मूलतत्त्वं आणि राज्यघटना, दुसऱ्या वर्षी राजकीय विचार, लोकप्रशासन आणि जोडीला संख्याशास्त्र, तेही मी हट्ट धरला म्हणून. पाचव्या सत्रात 'निवडणुका आणि मतदान', आणि त्याखाली तिनं दोनदा रेघ ओढली होती. शेवटच्या सत्रात प्रकल्प. तो आराखडा तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला. चहाचा डबा काढायला गेलं की आधी राज्यघटना हलायची.

अर्जासोबत दोन पानांचं एक टिपण द्यायचं होतं, मला हा विषय का शिकायचा आहे म्हणून. हल्ली सगळे दुसऱ्याकडून लिहून घेतात, म्हणून कच्चं लिखाणही सोबत जोडा, अशी सूचना होती. नववा नियम तिनंच आम्हाला वाचून दाखवला: टिपणात खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द होईल आणि उमेदवाराला पुढे कुठल्याही विद्यापीठात प्रवेश मिळणार नाही. "नियम चोख आहे," मी म्हणालो.

तिनं काय लिहिलं ते सांगण्याआधी तीन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. निवडणुकीत माझी मतमोजणीला ड्युटी लागली होती. सात नंबरचं टेबल. एक पेटी उघडली. त्या केंद्राच्या यादीत नावं सातशे साठ आणि पेटीत मतं अकराशे एक्याऐंशी. मी तीनदा मोजली. साहेबांना बोलावलं. साहेबांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यादीचा आकडा चुकलाय. बाराशे करा." पलीकडच्या टेबलावरचा माणूस त्याच्या पेनाचं टोपण शोधत बसला, टोपण पेनालाच होतं. मी सातशे साठवर आडवी रेघ मारली, वर बाराशे लिहिलं आणि बाजूला आद्याक्षरं टाकली. हरलेला उमेदवार तीनशेहून कमी मतांनी हरला.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. चिमी तिथंच टेबलाच्या कोपऱ्यावर नकाशात रंग भरत बसली होती. पोरांना वाटतं मोठ्यांना आपण दिसत नाही, आणि मोठ्यांना वाटतं पोरांना ऐकू येत नाही.

तिनं तेच लिहिलं होतं. माझ्या बाबांनी एका पेटीत यादीपेक्षा चारशे बारा मतं जास्त मोजली, त्यांना यादी बदलायला लावली, आणि घरात कुणी त्याबद्दल परत बोललं नाही. हे असं का होतं आणि माणसं गप्प का बसतात, हे मला शिकायचं आहे.

मी ते दोनदा वाचलं. मी तिला झापलं. "अगं, कुणाच्या हातात पडलं तर? मला घरी बसवतील." ती म्हणाली, "बाबा, यात खोटं काय आहे ते सांगा." खोटं काहीच नव्हतं. शेवटी असं ठरलं की 'माझे बाबा' काढायचं आणि 'ओळखीचे एक कारकून' घालायचं. बायको म्हणाली, "ते पानच नका देऊ." मी म्हणालो, तू शिवण बघ. शहाणपण तर माझ्या नाकातोंडातून वाहत होतं ना.

कच्चं लिखाण मीच तपासलं. 'माझे बाबा' खोडून 'ओळखीचे एक कारकून' लिहिलं. आणि तो आकडा. अकराशे एक्याऐंशीतून सातशे साठ गेले की राहतात चारशे एकवीस. ४१२ वर आडवी रेघ मारली, वर ४२१ लिहिलं. दोन्ही ठिकाणी बाजूला आद्याक्षरं टाकली. हात आपोआप गेला. अठ्ठावीस वर्षांचा हात आहे तो, मला विचारायला थांबत नाही. चिमीनं पक्कं लिहून काढलं, दोन्ही कागद लिफाफ्यात घातले आणि देऊन आली.

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत पालकांनीही यावं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. चिमीनं वाटेत मला सगळे विषय सत्रांप्रमाणे पाठ म्हणून दाखवले आणि चौथ्या सत्राला अडखळली, तेव्हा मी आठवण करून दिली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर पाण्याचा जग, खिडकीपाशी पुस्तकांचे गठ्ठे. विभागाच्या प्रमुख बाई मधोमध बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी राखाडी शर्टातला एक माणूस. तो कोण ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाईंनी चिमीला दोन प्रश्न विचारले. तिनं उत्तरं अशी दिली की मला क्षणभर वाटलं, झालं, आपली पोर आत गेली. बाई हसल्यासुद्धा.

मग त्या माणसानं फाइलमधून दोन कागद काढले आणि माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. एक चिमीचं कच्चं लिखाण. दुसरा सात नंबरच्या टेबलाचा मोजणीचा तक्ता. दोन्हींवर आडवी रेघ आणि बाजूला माझी आद्याक्षरं. तीच वेलांटी, तेच टिंब. डोक्यात एवढंच आलं की गाढवा, पोरीच्या कागदावर सही कशाला करतात.

"आता कुणीतरी लिहून द्यायचं," तो माणूस म्हणाला. आवाजात राग नव्हता, दुपारच्या कामाला लागलेला माणूस बोलतो तसा बोलत होता. त्यानं दोन कोरे कागद पुढे सरकवले. "तुम्ही लिहिलंत की पेटीत असंच होतं, तर खोटी नोंद केल्याचा खटला तुमच्यावर. नोकरी जाईल, आत जाल. हिनं लिहिलं की हे आपण मनानं रचलं आणि बाबांनी नुसतं लिखाण तपासलं, तर विषय संपला. फक्त हिचा अर्ज रद्द."

"नववा नियम," बाई हळूच म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाण्याच्या जगाकडे बघत होत्या. "मग तिला कुठंच प्रवेश मिळणार नाही. तुम्ही लिहून दिलंत तर टिपण खरं ठरतं. मग तिला घेण्यापासून मला कुणी अडवू शकत नाही. तेवढं माझ्या हातात आहे."

इतकं सरळ होतं. एक कागद माझा, एक तिचा. माझ्या खिशात पेन होतं.

मी काय विचार केला ते सांगतो. कैदेचा केला. खात्यात लोक काय म्हणतील याचा केला. बायको एकटी किती गणवेश शिवणार याचा केला, आणि हे कारण सगळ्यांत चांगलं वाटलं म्हणून तेच धरून बसलो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली. बाकीचं सगळं मागाहून लावलेलं आहे. मी टेबलाच्या कडेवरचा निघालेला रंग नखानं उकरत बसलो.

चिमीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं एक कागद ओढला आणि लिहायला लागली. तिचं अक्षर लहानपणापासून मोठं आहे, मला उलट्या बाजूनंही वाचता येत होतं. 'टिपणातील प्रसंग मी मनानं रचला आहे. ४१२ हा आकडाही मी मनानं रचला आहे. माझ्या वडिलांनी फक्त शुद्धलेखन तपासले.'

४१२. तिनं लिहून पेन खाली ठेवलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. ती माझ्याकडे बघत होती. माझा हात खिशाकडे गेला, सवयीनं. आडवी रेघ, वर ४२१, बाजूला सही. एवढं केलं असतं तर पुढचं काही लिहावंच लागलं नसतं. खरा आकडा मला माहीत आहे, एवढं त्या माणसाला कळलं असतं की पुरे होतं.

"वाचून घ्या," तो माणूस म्हणाला. "मजकूर बरोबर आहे ना? आकडा वगैरे?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग पालक म्हणून सही करा." मी पूर्ण सही केली. बाई उठून खिडकीशी गेल्या आणि गठ्ठ्यातली पुस्तकं उगाच सारखी करायला लागल्या.

जिन्यात चिमी माझ्या पुढे दोन पायऱ्या होती. पहिल्या मजल्यावर कुठल्यातरी वर्गात तास चालू होता, दार उघडं होतं, पोरं खाली माना घालून लिहून घेत होती. ती तिथं थांबली नाही. खालच्या वळणावर मात्र थांबली.

"बाबा, आकडा चुकला होता."

"माहीत आहे मला."

"मी मुद्दाम चुकवला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दुरुस्त कराल."