सोळा रांगा

जाळीतला मासा इतका जड होता, की आर्डिसला होडीच्या कडेवर गुडघा टेकवावा लागला.

"द्या इकडं, वहिनी," हार्लन म्हणाला. "डोक्यात एक हाणतो, संपलं."

"थांबा भावोजी. आधी शेपूट बघू दे."

शेपूट लालभडक होते.

आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तिचा नवरा व्हर्लिन मार्चमध्ये गेला, नदीवरचा बर्फ फुटायच्या आत. दर वसंतात तो लाल शेपटीचे रेडहॉर्स मासे पकडायचा, अंगणात धुरी देऊन चर्चच्या जेवणाला न्यायचा. यंदाचे जेवण त्याच्या नावाने होते. मासे आपणच पकडायचे, असे आर्डिसने ठरवले होते. वल्ही मारायला धाकटा दीर आला होता. पण आठवडाभर गळाला काही लागले नव्हते, आणि जेवण परवावर आले होते.

या नदीत लाल शेपटीचे रेडहॉर्स दोन जातींचे. एक नेहमीचा, एक दुर्मीळ. दिसायला सख्खे भाऊ. शेपटीच्या मुळाशी अंग सर्वांत बारीक होते, तिथे भोवती फिरत खवल्यांच्या रांगा मोजायच्या. नेहमीच्याला बारा, दुर्मिळाला सोळा. व्हर्लिन प्रत्येक मासा मोजायचा. "खायचाय की त्याला कोट शिवायचाय?" असे आर्डिस त्याला चिडवायची.

आता तिने जाळी पाण्यातच धरली, हात ओला केला आणि मोजायला लागली. माशाने दोनदा उसळी मारून मोजणी मोडली.

"सोळा," ती म्हणाली.

"चष्मा बदला."

"सोळाच आहेत. विस्कॉन्सिनात हा संरक्षित माशांच्या यादीत आहे, मारता येत नाही."

"मग मिनेसोटात मारू." हार्लनने वल्ही उचलली. नदीच्या मधोमध दोन राज्यांची हद्द होती. "तिकडं हा कुठल्या यादीत नाही. नुसता मासा."

"पकडलाय इकडं."

"माशाला काय ठाऊक हद्द?"

"त्याला नाही. आपल्याला आहे ना."

हार्लनने वल्ही पुन्हा खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दादाच्या नावाचं जेवण, आणि पानात दादाचा मासा नाही. बरं दिसतं का ते?"

"नाही दिसत," आर्डिस म्हणाली. तिने जाळी कलती केली. मासा क्षणभर होडीच्या सावलीत रेंगाळला आणि खाली गेला.

हार्लनने होडी काठाकडे वळवली.

संध्याकाळी आर्डिसने मत्स्यखात्याला फोन केला. रेनाटा कोल्ब नावाच्या बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"मी इथे आल्यापासून या पट्ट्यात एकही दिसलेला नाही," त्या म्हणाल्या. "जागा दाखवाल?"

सकाळी आर्डिस त्यांना उथळ, खडीच्या धारेकडे घेऊन गेली. हार्लन येणार नाही म्हणाला होता, तरी आला आणि हाताची घडी घालून काठावर उभा राहिला. दोघी गुडघाभर पाण्यात शिरल्या. पाणी अजून बर्फासारखे गार होते.

"हलू नका," रेनाटा एकदम कुजबुजल्या.

दोन हातांवर एक मोठी मादी खडीवर टेकली होती, दोन नर तिला दोन्ही बाजूंनी भिडले होते. तिघांची अंगे थरथरली, लाल शेपट्या पाण्यावर आल्या, खालची खडी उडाली. त्यांच्यामागे आणखी काही होते, आणि त्यांच्याही मागे.

"अंडी घालतायत," रेनाटा म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते. "खडीत अंडी असतील. पाऊल टाकताना जपून."

मग आर्डिसने पाऊल टाकलेच नाही. पायांना मुंग्या आल्या, मग पाय असल्याचेच कळेना, तरी ती जागची हलली नाही.

"वहिनी," काठावरून हार्लन हळूच म्हणाला, "उद्या मी कोंबड्या भाजतो."

तिने मान डोलावली. थोड्या वेळाने तो बूट काढून, मोठमोठे धोंडे निवडत, त्यांच्यावरच पाय देत पाण्यात आला आणि तिचा कोपर धरून उभा राहिला.