जिभेची शाळा

गेल्या थंडीत कोंडीराम गुरुजींच्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, पाय परत आला, जीभ मात्र मागं राहिली. शब्द डोळ्यांना दिसायचा, मनाला कळायचा, पण ओठांशी येऊन रुसलेल्या जावयासारखा अडून बसायचा. जन्मभर पोरांना वाचायला शिकवलेल्या माणसाची ही गत!

राहुरीजवळच्या त्यांच्या गावात बुद्धविहार आहे. तिथं दर साली आषाढ पौर्णिमेला वर्षावास बसतो. तीन महिने रोज संध्याकाळी वस्ती पांढरे कपडे घालून जमते, एक जण ग्रंथ वाचतो, बाकीचे ऐकतात. तो एक जण म्हणजे गुरुजी. ते नोकरीला लागल्यापासून दुसऱ्या कुणी त्या ग्रंथाचं फडकं सोडलेलं नव्हतं.

ज्येष्ठ पौर्णिमेला विहाराच्या कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष महेंद्र हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. तो खाकरून म्हणाला, "गुरुजी, यंदा तुमी आराम करा. मोबाईलवर वाचन मिळतंय. स्पीकरला जोडलं की झालं काम."

गुरुजींनी मान हलवली. "मी... वाच...णार."

"लोकं ताटकळत्यात, गुरुजी." महेंद्रचा आवाज खाली आला. "एखादा हसंल बी. मला न्हाई बघवायचं ते."

"महिना... दे. आषाढी... पौर्णिमेला... बघ."

नाही कोण म्हणणार? निम्मी कमिटी त्यांच्याच हाताखाली बाराखडी शिकलेली.

घरी आल्यावर गुरुजींच्या पत्नी आक्काबाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हनलेतच की मोठ्यानं वाचा म्हनून. बसा ओट्यावर. पन पेपर नगा वाचू. त्यो ऐकून माजंच डोकं उठतंय."

मग नात दिशा कामाला लागली. सहावीतल्या त्या पोरीनं शाळेच्या वाचनालयातून हाताला येईल ते दप्तरात कोंबून आणलं. सोबत तिची शेजारची मैत्रीण संस्कृतीही आली, कारण फुकटात गोष्ट ऐकायला मिळणार होती.

पहिल्यांदा निघालं बालकवितांचं पुस्तक. दिशानं टाळीचा ठेका धरला आणि काय नवल, ठेक्याच्या मागोमाग शब्द चालू लागले! "आबा, तुमी तर पळाया लागले!" ती ओरडली. गुरुजीही खुशीत आले. पण दुसऱ्या दिवशीच्या प्रवासवर्णनानं सगळी खुशी उतरवली. त्यातली वाक्यं मुळा कालव्यासारखी लांब, मध्ये टेकायला जागा नाही. अर्ध्यावर जीभ थिजली, पुन्हा थिजली. गुरुजींनी पुस्तक आपटलं, चहाही घेतला नाही. कपावर साय धरली तरी ते भिंतीकडे बघत बसून होते. मग त्यांना स्वतःचंच बोलणं आठवलं. अडलेल्या पोराला ते कधी रागावले नव्हते. 'दोन शब्द मागं जा आणि परत ये,' एवढंच सांगायचे. त्यांनी पुस्तक उचललं. दोन शब्द मागं गेले आणि परत आले.

नाटकाच्या दिवशी आक्काबाई भेंडी चिरता चिरता राणी झाल्या. वाचता येत नव्हतं, म्हणून संस्कृती कानात वाक्य सांगायची, पण राणीनं राजाला पुस्तकात नसलेले टोमणेच जास्त मारले. उलट उत्तर देण्याच्या नादात राजाची जीभ घाबरायचं विसरून गेली. पुढं कधी तरी कृषी विद्यापीठाचं मासिक हाती आलं. ते ऐकायला गावातला शेतकरी सहादेव आला. त्याच्या कांद्यावर रोग पडला होता. "परत सांगा गुरुजी, किती पान्यात किती औषद?" त्याला खरंच हवं होतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारी, आणि गुरुजी पुन्हा पुन्हा वाचत. दगडासारखे ते शब्द शेवटी गुळगुळीत झाले.

आणि मग आली रहस्यकथा. चोराचं नाव पुढच्याच शब्दात होतं आणि नेमके तिथं गुरुजी अडले. दिशानं नाव सांगायला तोंड उघडलं, तोच संस्कृतीनं तिला चिमटा काढला. "गप गं! आबा मुद्दाम थांबलेत."

मुद्दाम कसलं! घाम फुटला होता त्यांना. पण त्यांनी मान वर केली तर दोघी पोरी पुढं झुकलेल्या, आक्काबाईंची विळी थांबलेली. हसत कुणी नव्हतं, कंटाळलंही नव्हतं. इतके दिवस ज्या जागेला ते भ्यायले, तिथं ही माणसं चक्क वाट बघत बसली होती. त्यांनी श्वास घेतला आणि नाव सांगितलं.

"मला वाटलंच हुतं!" दोघी एकदम किंचाळल्या.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुस्तकं परत द्यायची होती. गुरुजींनी एकेक हातात घेऊन बघितलं. ठेका कवितेनं दिला. त्या लांब वाक्यांनी रडवलं, पण मागं येऊन पुन्हा निघायची सवय लावली. जीभ बरी झाली असं काही म्हणता येत नव्हतं. उद्याही ती अडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अडली तर अडू दे, वाचायचं.

"महेंद्रनं स्पीकर आनून ठिवलाय म्हनं," आक्काबाई हळूच म्हणाल्या.

"ठेवू दे," गुरुजी म्हणाले. एका दमात.

दुसऱ्या दिवशी विहार गच्च भरला. वंदना झाली. कोपऱ्यात स्पीकर, महेंद्रच्या हातात मोबाईल. गुरुजींनी ग्रंथाचं फडकं सोडलं. पहिलं वाक्य सावकाश, पण सरळ गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याच्या मध्यावर ते अडले.

मागं कुणीतरी खोकलं. पांढऱ्या साड्यांमध्ये कुजबुज झाली. महेंद्रचा अंगठा मोबाईलकडे गेला. गुरुजींनी तो बघितला आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. दोन शब्द मागं.

पुढच्या रांगेतली संस्कृती ओट्यावर बसावी तशी गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढं झुकली होती. ती मागं वळून अध्यक्षांना म्हणाली, "थांबा ओ काका, शब्द येतोय!"

विहारभर खसखस पिकली. गुरुजीही हसले. मग सगळं शांत झालं. मागच्या भिंतीशी टेकलेली म्हातारी माणसंसुद्धा थोडी पुढं सरकली.

शब्द आला. त्याच्यामागून पुढचा आला.

जे पान पूर्वी चुटकीसरशी संपायचं, त्यानं त्या दिवशी सगळी संध्याकाळ घेतली. उठून कुणी गेलं नाही. गुरुजींनी पान उलटलं तेव्हा कोपऱ्यात महेंद्र मान खाली घालून ऐकत होता आणि ऐकता ऐकता स्पीकरची वायर पंजाभोवती गुंडाळत होता.