अकरा सेकंदांची नोंद

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूज म्हणायचे. तिचं कामच तसं होतं. डाव्या विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसायचं आणि रंगमंचावर कुणाची जीभ अडखळली की पुढचे दोन शब्द असे सोडायचे, की नटाला ऐकू जावेत आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाऊ नयेत. सहा वर्षं ती हे करत होती आणि या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नोकरी मिळवून दिली होती मावशीने. मावशी म्हणजे सख्खी मावशी, आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हा कुजबूज नऊ वर्षांची होती. मावशीने तिला आपल्या दोन खोल्यांत आणलं, तिची शाळा, तिचे ताप, तिचे हट्ट सगळं निस्तरलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच, आणि ते तिने एकदाही बोलून दाखवलं नाही.

मावशी कंपनीतली जुनी नटी. तीस वर्षं ती रंगमंचावर कुणाची ना कुणाची आई होत आली होती. दुसऱ्या अंकात रडायचं आणि तिसऱ्यात आशीर्वाद द्यायचा. आता, त्रेसष्टाव्या वर्षी, नव्या नाटकात न्यायाधीशबाईची भूमिका समोर आली होती. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत रंगमंचावर, आणि कुणाचीही आई नाही. कंपनीचे मालक म्हणाले होते, "तुमचंच नाव डोक्यात आहे. पण भूमिका मोठी आहे, जरा धाकधूक वाटते. रविवारी दुपारी चालू नाटकाचा प्रयोग समोर बसून बघतो. मंगळवारी यादी लावतो." त्या दिवसापासून मावशी घरात भांडी घासतानाही निकाल सुनावायला लागली होती. इतकी खूश ती कुजबुजीने कधी पाहिली नव्हती.

आणि कुजबुजीला त्याच दिवसांत पदवी हवी होती. नोकरी करता करता करायचा नाट्यकलेचा अभ्यासक्रम. त्यात शेवटच्या वर्षी आपल्याच कामावर संशोधन करायचं. पदवी हातात आली की नाट्यशाळेत शिकवायची जागा मिळणार होती, उजेडात उभं राहून बोलायची. अंधारात बसून दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा तिला वीट आला होता. त्यात काही चूक नाही. कुणालाही आला असता.

विषय तिने निवडला होता, नटाची आठवण आणि विंगेतली मदत. दर प्रयोगाला कुणाला किती वेळा शब्द द्यावा लागला, ते ती संहितेच्या समासात रेघा मारून ठेवायची. बाकीच्यांच्या रेघा दोन, तीन, फार तर पाच. मावशीच्या सव्वीस. पण त्या सव्वीस कुणाला दिसल्या नव्हत्या, कारण मावशी अडखळायच्या आधीच हनुवटी किंचित विंगेकडे वळवायची आणि कुजबूज शब्द सोडायची. प्रेक्षकांना वाटायचं, काय थांबते बाई! जाणकार त्या थांबण्याचं कौतुक करायचे. वर्षभरापूर्वी हे सुरू झालं तेव्हा मावशी एवढंच म्हणाली होती, "हे आपल्या दोघींत."

अहवालात मावशीचं नाव नव्हतं. तिथे ती 'नट क्रमांक तीन' होती. कंपनीत नट पाच, त्यात साठी ओलांडलेली बाई एकच, तेव्हा क्रमांक तीन ओळखायला ज्योतिषी लागणार नव्हता. पण विद्यापीठाचा नियम नाव लपवण्याचा होता, माणूस लपवण्याचा नव्हता, आणि कुजबूज नियमाने चालणारी मुलगी होती. संमतिपत्रही तिने रीतसर घेतलं. मावशीने ते न वाचताच सही ठोकली. "तूच लिहिलंयस ना? मग मी काय वाचू?"

अहवाल घेऊन ती विद्यापीठातल्या गाईडबाईंकडे गेली. गाईडबाईंनी चष्मा कपाळावर चढवून पानं उलटली आणि अहवाल मिटला.

"हे निरीक्षण झालं," त्या म्हणाल्या. "छान आहे. पण संशोधन कुठाय?"

"म्हणजे?"

"तुझ्या कामात काहीतरी बदल करून बघ ना! काय होतं ते नोंदव. मदत दिली की नट बोलतो, हे मला घरी बसून कळतं. मदत काढून घेतली तर काय होतं? ते फक्त तूच दाखवू शकतेस."

"पण प्रयोग चालू असताना..."

"एक वाक्य गं. एकच. संमती आहे ना? मग? सोमवारी पाचपर्यंत जमा नाही झालं तर मी काही करू शकत नाही. मग पुढच्या वर्षी."

सोमवारच्या आधी प्रयोग एकच उरला होता. रविवारी दुपारचा.

आता इथे कुणी म्हणेल, तिने मावशीला विचारायचं होतं. तेही तिच्या मनात आलं. पण विचारलं तर मावशी ते वाक्य शंभर वेळा घोकून येणार आणि नोंदीचा बोजवारा उडणार. शिवाय तिने स्वतःची समजूत घातली. एकच तर वाक्य. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मालक नेहमी चहाला बाहेर जातात. मावशी काय, वेळ मारून नेईल. माणसाला जे करायचंच असतं त्यासाठी कारणं कशी पटापट सापडतात! शनिवारी ती नेहमीसारखी जेवली आणि नेहमीसारखी झोपली. हे तिच्याबद्दल लिहावंच लागेल.

रविवारी दुसऱ्या अंकात जावई येतो. भांडून माहेरी आलेल्या बायकोला न्यायला. सासू, म्हणजे मावशी, टेबलाशी बसलेली. ती आधी त्याला पाणी देते, मग थांबते, आणि म्हणते, "माझ्या मुलीला न्यायला आलात, की तिचे कपडे न्यायला?" त्या वाक्यावर थिएटर दणाणायचं.

मावशीने पाणी दिलं. थांबली. हनुवटी विंगेकडे वळली.

कुजबुजीने मांडीवरचं घड्याळ चालू केलं आणि ओठ मिटून घेतले.

दोन सेकंद काहीच झालं नाही. चौथ्या सेकंदाला मावशीने मान जरा जास्त वळवली. पाचव्याला ती सरळ विंगेत बघू लागली, भूमिका सोडून, डोळे मोठे करून. कुजबूज घड्याळाकडे बघत होती. सातव्याला मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं आणि कुणीतरी हसलं. मावशी खुर्चीवरून अर्धवट उठली. नवव्याला तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "बाई, झोपलात का?" आणि मग सगळेच हसले. अकराव्या सेकंदाला जावई झालेल्या नटाने आपलंच पुढचं वाक्य दामटलं आणि गाडी कशीबशी रुळावर आली. मालक चहाला गेले नव्हते. ते खास मावशीला बघायला आले होते, त्यांना कसला आलाय चहा!

प्रयोग संपल्यावर ते रंगपटात आले ते तडक कुजबुजीच्या अंगावर.

"काय करत होतीस तू विंगेत? पगार कशाचा घेतेस? उद्यापासून येऊ नकोस!"

खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि मालकांची परवानगी न घेता केलेला प्रयोग म्हणून संशोधनही जाणार. ती मिठाची गुळणी धरून उभी राहिली.

"तिला कशाला बोलता?" मावशी आरशासमोरून उठली. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच. "तिने शब्द दिला होता. मलाच आठवेना. माझं चुकलं."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. राग उतरला आणि त्याच्या जागी कीव आली, ती रागापेक्षा वाईट. "वय होतं, बाई," ते म्हणाले आणि निघून गेले.

घरी येताना मावशीने वाटेत दोनदा विचारलं, "बरी आहेस ना तू?"

"हो. जरा चक्कर आली होती."

"वाटलंच मला," मावशी म्हणाली आणि तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

सोमवारी सकाळी एक काम उरलं होतं. ज्याच्यावर संशोधन केलं त्याला निष्कर्ष वाचून दाखवायचे आणि खाली त्याचा शेरा व सही घ्यायची, असा नियम होता. कुजबुजीने सव्वीसचा तक्ता भराभर वाचला. मग खाली मान घालून पुढचं वाचलं. "मदत हेतुपुरस्सर थांबवली असता नट क्रमांक तीन अकरा सेकंद पूर्णपणे मूक राहिला. यावरून स्वतंत्र स्मरणशक्ती जवळजवळ संपल्याचं दिसतं."

मावशी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"हेतुपुरस्सर म्हणजे मुद्दाम ना?"

"हो."

"म्हणजे चक्कर आली नव्हती."

"नाही."

मावशीने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या मुलीला न्यायला आलात, की तिचे कपडे न्यायला? कपडे हवे असतील तर ते दोरीवर वाळताहेत, घेऊन जा. मुलगी हवी असेल तर बसा. ती झोपलीय. उठेपर्यंत बसा. तिच्यासाठी एवढं बसलात तरी मला पुरे." एकाही शब्दाला ती अडली नाही. "पाठ आहे मला ते. इतर ठिकाणी लागतेस तू, खोटं नाही बोलत. तिथे नाही. तिथे मी वळते ती फक्त सवयीने. काल वळले तर तू दगडासारखी बसलेली, ओठ आवळून, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पोरीला काहीतरी झालं. तुझी आई अशीच बसल्याजागी गेली. मला वाक्य सुचेल कसं? मी उठून तुझ्याकडे यायला निघाले होते."

कुजबुजीला लाज वाटली का? वाटली. खूप वाटली. पण त्या लाजेच्या शेजारीच दुसरा एक विचार येऊन उभा राहिला, की हे खरं असेल तर निष्कर्ष चुकला, आणि पाचला आठच तास आहेत.

"यादी उद्या लागणार," मावशी म्हणाली. "अजून वेळ आहे. आजच्या आज जा आणि मालकांना सांग काय झालं ते. मी सांगितलं तर सारवासारव वाटेल. तू सांग."

"सांगते."

"नक्की?"

"नक्की. आधी हे जमा करते, मग तशीच कंपनीत जाते."

मावशीने हात पुसले आणि सही केली. शेऱ्याची जागा तिने कोरी सोडली. "तिथे तूच लिही, मला तुमची भाषा येत नाही. मी आत्ता सांगितलं तेच लिही."

बसमध्ये कुजबुजीने पेन काढलं. दोनदा टोपण उघडलं, दोनदा लावलं. मग शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'निष्कर्ष मान्य.' अहवाल चारला जमा झाला.

पाचला ती मालकांच्या दारात उभी होती. हे खरं, ती गेली होती. मालकांनी वर पाहिलं. "काय गं?"

तिने तोंड उघडलं. नोकरी, पदवी, नाट्यशाळेतली जागा, सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं.

"उद्या दुपारनंतर सुट्टी हवी होती," ती म्हणाली.

"घे," मालक म्हणाले.

घरी मावशी दारातच होती. "सांगितलंस?"

"सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. पण म्हणाले, त्यांचं ठरलंय."

मावशी खाली बसली. मग तिने कुजबुजीच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. तू सांगितलंस ना? नोकरी पणाला लावून सांगितलंस. मला तेवढं बस आहे." एखाद्याचा केसाने गळा कापावा आणि त्यानेच आपली पाठ थोपटावी, तसं झालं. कुजबूज पाठ थोपटून घेत राहिली.

मंगळवारी सकाळी यादी लागली. न्यायाधीशबाईच्या पुढे दुसऱ्या कंपनीतून येणाऱ्या एका नटीचं नाव होतं. मावशीचं नाव कुठेच नव्हतं, कुणाची आई म्हणूनही नाही. फलकासमोर सगळे जमले होते. जावई झालेला नट जोडे बघत होता. मावशीने कुजबुजीच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला वाईट नाही वाटत. रविवारची चूक माझी नव्हती, हिची होती. आणि हिने स्वतः जाऊन मालकांना तसं सांगितलं! आहे का हिंमत तुमच्यात कुणाच्या?"

सगळ्यांनी कुजबुजीकडे पाहिलं. मालक नेमके आपल्या खोलीतून बाहेर येत होते.

"काय सांगितलं हिने मला?" ते म्हणाले. "काल आली होती ती सुट्टी मागायला."

कुजबूज फरशीकडे बघत राहिली. खांद्यावरचा हात जड झाला, मग हलका झाला, मग तिथे नव्हता.

"सुट्टीच," मावशी म्हणाली. "माझी ऐकण्यात गफलत झाली. विसरते मी हल्ली." मालकांनी मान हलवली. रविवारी जे त्यांनी मानलं होतं, त्याची आता पक्की खात्री पटली. मावशी रंगपटात गेली, आपली रंगाची पेटी घेतली आणि एकटीच घरी निघून गेली.

कुजबुजीला विद्यापीठात सर्वांत जास्त गुण मिळाले. परीक्षकांनी खास नमूद केलं, की संशोधक आणि सहभागी यांच्यातलं विश्वासाचं नातं अनुकरणीय आहे.

पण ते नंतर. त्या मंगळवारी ती संध्याकाळी घरी पोहोचली तेव्हा ताट वाढलेलं होतं, रोजच्यासारखंच. मावशी ना रडली होती, ना चिडली होती. नऊ वर्षांची असताना या घरात आल्यापासून कुजबूज तिची बाळ होती, सोनी होती, रागात असली तर कार्टी होती.

"या," मावशी म्हणाली. "हात धुऊन घ्या. तुमचं जेवण झालं की मला भांडी आवरायचीत."