कोऱ्या तबकडीतला आवाज

वरच्या मजल्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पूर्वी इथे सोफे आणि कपाटं विकायला मांडलेली असायची. दुकान बसलं आणि आता तिथे माणसं बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून, सगळ्यांच्या नजरा समोरच्या टेबलावर. टेबलावर पांढरं कापड, त्यावर दोन रेकॉर्ड प्लेअर, आणि मागे रेशमी अंगरख्यातले महाराज. त्यांच्या बाजूला त्यांचा मेहुणा अंगभर शाल गुंडाळून, डोळे मिटून ध्यानाला बसलेला. भक्त महाराजांना नादमहाराज म्हणत. मी त्यांचं नाव तबकडीमहाराज ठेवलं होतं, पण ते मनातल्या मनात. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण शेजारी माझी ताई बसली होती.

महाराजांनी एक काळी तबकडी दोन्ही हातांनी उंच धरली. "हिच्यात गाणं नाही, भाषण नाही, काही नाही. कोरी आहे," ते म्हणाले. आवाज असा की बोलताना साखर सांडत होती. "माणूस देह सोडतो, नाद सोडत नाही. नाद भटकत राहतो. त्याला टेकायला जागा लागते. आम्ही फक्त जागा करून देतो." एवढं मोठं अध्यात्म सांगून झाल्यावर त्यांनी तबकडी फिरती केली आणि सुई टेकवली.

आधी नुसती खरखर आली. मग कुणीतरी घसा खाकरला, आणि ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. दाजींना बोलण्याआधी घसा खाकरायची खोड होती. "थांब," दाजींचा आवाज म्हणाला. "दवाखान्यात जाऊ नकोस."

दाजी जाऊन वर्ष व्हायचं होतं. माणूस सायकलींच्या दुकानात हसत-खेळत उभा होता आणि उभ्या उभ्याच गेला. त्या धक्क्यातून ताई सावरते न सावरते तोच तिच्या छातीत गाठ निघाली. गाठ वाईट आहे, पण वेळेवर काढली तर काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावून सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. तेवढ्यात कुणा मैत्रिणीनं तिला इथे आणलं, आणि तबकडीनं 'जाऊ नकोस' म्हटल्यावर ताईनं तारीख रद्द केली. "त्यांना दिसतंय तिथून," ती मला म्हणाली.

मी चष्मे विकतो. दिवसभर लोकांना नीट दिसतंय की नाही हे तपासायचं, हा माझा धंदा, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला दिसत नव्हतं. म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेलो होतो. दाजींचा आवाज ऐकून मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, की पडद्यामागे कुठेतरी टेप लावलीय. महाराज रागावले नाहीत. त्यांनी मला प्रेमानं पुढे बोलावलं. "या, शंकासुर. ठेवा हात."

मी फिरत्या तबकडीवर हात ठेवला. आवाज जागच्या जागी थांबला. मी तबकडी उलटी ढकलली, तर दाजींचा आवाज उलटा, गुरगुरत मागे गेला. हात काढला, तशी तबकडी पुन्हा सुलट फिरली आणि आवाज म्हणाला, "जाऊ नकोस." टेप असती तर माझ्या हातानं थांबली नसती. लोक हसले. मी कान पाडून जागेवर आलो.

त्यानंतर मला चैन पडेना. दुकानात एका गिऱ्हाइकाला मी दुसऱ्याचाच चष्मा देऊन बसलो. घरात येरझाऱ्या घालून घालून बायकोचं डोकं उठवलं. खोटं आहे हे मला ठाऊक होतं, पण कसं खोटं आहे हे सांगता येत नव्हतं, आणि 'कसं' सांगता आल्याशिवाय ताई ऐकणार नव्हती. गाठ काही आमच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नव्हती.

शेवटी मी भाचीला फोन केला. ही ताईची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या शहरात डीजे आहे, पार्ट्यांमध्ये गाणी वाजवते. आईनं तारीख रद्द केल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाच बोलली. "मामा, ती तबकडी उजेडात कशी दिसते? गाण्याच्या तबकडीवर कुठे गडद, कुठे फिकट पट्टे असतात. तिच्यावर होते?"

मी डोळे मिटून आठवलं. नव्हते. काठापासून मध्यापर्यंत एकसारखी राखाडी झाक होती.

"मी निघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दोन जड पेट्या घेऊन थेट माझ्याकडे उतरली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. रेकॉर्ड प्लेअर मांडले. सुईचा भार बोटानं जोखला. प्लेअरच्या वायरी एका छोट्या डबीत खोचल्या, डबी लॅपटॉपला जोडली, आणि डबीतून निघालेली वायर आवाजाच्या मिक्सरमार्गे स्पीकरला. एक बारीक वायर लावायची राहिली, तर स्पीकर रेड्यासारखा घुमायला लागला. ती लावल्यावर गप्प झाला. मग तिनं एक तबकडी चढवली, तशीच एकसारखी राखाडी. सुई टेकताच लॅपटॉपच्या पडद्यावर हिरवं गोल कडं उमटलं. कडं गोल म्हणजे जोडणी बरोबर, वेडंवाकडं म्हणजे कुठेतरी गोची, असं तिनं सांगितलं.

"मामा, काहीतरी बोला," तिनं फोन माझ्या तोंडापुढे धरला.

"काय बोलू, डोंबल," मी म्हणालो.

मिनिटभरात ती कोरी तबकडी माझ्याच आवाजात म्हणाली, "काय बोलू, डोंबल." मी हात ठेवला, डोंबल थांबलं. उलटं फिरवलं, डोंबल उलटं गेलं. अंगावर काटा आला, आणि लगोलग संतापही आला.

या तबकडीत गाणं नसतं, पण ती कोरीही नसते, हे मला तेव्हा कळलं. तिच्यात एक चिरकी शिट्टी कोरलेली असते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तबकडी किती वेगानं आणि कुठल्या दिशेनं फिरतेय, हे त्या शिट्टीवरून संगणक ओळखतो आणि त्याच्या पोटातलं गाणं तसंच पळवतो. जगभरचे डीजे हेच वापरतात. "सायकलच्या हँडलसारखं," भाची म्हणाली. "वळवता हँडल, वळतं चाक." सायकलवाल्याची पोर ती. मग तिनं विचारलं, "बाबांचा फोन कुठे आहे?"

फोन महाराजांकडे जाऊन आला होता. मेलेल्या माणसाचा फोन, कुलूप काढून, सोबत दक्षिणा आणि घरच्या अडचणीची चिठ्ठी जोडून, 'नादशुद्धी'साठी त्यांच्याकडे ठेवून यायचा, अशी तिथली रीतच होती. शिकली-सवरलेली माणसं रांग लावून फोन देत होती. आपल्या माणसाचा आवाज आपणच त्यांच्या हाती नेऊन देतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही तिघं गेलो. भाचीला पाहून ताईला बरं वाटलं होतं. लेकीलाही बापाचा आवाज ऐकायचाय, अशी तिची समजूत. दाजी बोलले, ताईनं डोळे पुसले, आणि महाराजांनी नेहमीसारखं शंकेखोरांना आवाहन केलं. भाची पुढे गेली. तिनं तबकडीवर हात ठेवला नाही. सुई उचलली, महाराजांची तबकडी काढून बाजूला ठेवली आणि पिशवीतून स्वतःची काढून चढवली. "ही मी बाजारातून घेतलीय," ती लोकांना म्हणाली. "बाबांचा फोन हिच्याजवळ कधी गेलेला नाही."

सुई टेकली. "थांब," दाजी तिच्या तबकडीतून म्हणाले. "दवाखान्यात जाऊ नकोस."

मला वाटलं, जिंकलो. पण महाराज कसले खमके. क्षणभर गोरेमोरे झाले आणि लगेच त्यांनी दोन्ही हात वर केले. "पाहिलंत? लेकीच्या हातची तबकडीही त्यानं पवित्र केली!" आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ताईसुद्धा टाळ्या वाजवत होती. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की पुरावासुद्धा नैवेद्य होतो.

भाची ढळली नाही. टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं टेबलावरून लोंबणारं कापड वर केलं. खाली तिच्याकडे होती तशीच डबी आणि मिक्सर होता. तिनं प्लेअरच्या मागच्या वायरी हातात धरल्या. "आत्मा तबकडीत आहे ना? मग तबकडीतून स्पीकरमध्ये सरळच जाऊ दे त्याला. मध्ये ही डबी कशाला?" महाराज 'हात लावू नका' म्हणेपर्यंत तिनं वायरी डबीतून उपटून मिक्सरला लावल्या आणि सुई पुन्हा टेकवली.

स्पीकरमधून शिट्टी आली. चिरकी, एकसुरी, कानात खुपणारी. दाजी नाहीत, खाकरणं नाही, काही नाही. लोक कानांवर हात ठेवू लागले. तबकडी बदलून तिनं महाराजांची लावली, तर तीच शिट्टी. डबीची दुसरी वायर कापडाखालून निघून ध्यानस्थ मेहुण्याच्या शालीत जात होती. मला आता बसवेना. मी गेलो आणि शाल ओढली. मेहुण्याच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्याच्या उजेडात त्याची हनुवटी निळी दिसत होती. समाधी लागलेला माणूस इतक्या चपळाईनं उठून पळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढे जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. कुणी महाराजांची गचांडी धरली, कुणी उलट आमच्याच अंगावर आलं, कारण त्यांचं माणूस आम्ही दुसऱ्यांदा मारलं होतं. मी ताईला शोधत होतो. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, शेजारी भाची.

"आवाज त्यांचाच होता ना?" ताईनं विचारलं.

"आवाज बाबांचाच होता, आई," भाची म्हणाली. "बोलणं त्यांचं नव्हतं."

दाजींनी पाठवलेले आवाजी निरोप ताईच्याही फोनवर होते. ते गेल्यापासून तिनं एकही उघडला नव्हता, धीरच झाला नव्हता. भाचीनं आईला विचारलं आणि एकेक लावत गेली. भाजीचा, किल्लीचा, लाइट बिलाचा. आणि मग तो आला. ताईला कधीतरी ताप होता, रक्त तपासायला जायचं होतं, तेव्हाचा. घसा खाकरून दाजी म्हणाले, "थांब. दवाखान्यात एकटी जाऊ नकोस. मी आलोच."

त्या चोरांनी मधला एक शब्द कापला होता, आणि शेवटचं वाक्य.

ताईनं तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. मग ती इतकी रडली, की मी जिन्यात उभ्या उभ्या चष्मा काढून पुसत राहिलो. रडून झाल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. आणि दोघंही चला माझ्याबरोबर."

ऑपरेशन झालं, गाठ काढली. फार उशीर झाला नव्हता, पण आणखी झाला असता तर मी काही सांगू शकले नसते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वाचकहो, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटणं यात वेडेपणा नाही. मलाही वाटतं. पण तुमच्या दुःखासमोर कुणी टेबल मांडून बसला, तर कापड उचला आणि वायर कुठे जातेय ते बघा. खऱ्याला बघितल्यानं काही होत नाही. आणि कुणाच्याही तोंडून 'दवाखान्यात जाऊ नकोस' ऐकू आलं, तर एवढंच समजा, की ज्यांनी तुम्हाला जीव लावला त्यांचं हे बोलणं नाही. त्यांनी तुमचा हात धरून तुम्हाला तिथे नेलं असतं.