रंभाबाईची रिकामी गोफण

मित्रांनो, मी एक जुनी गोफण आहे. बुऱ्हाणपुरातल्या एका भाड्याच्या खोलीत खुंटीला लटकून लटकून आता थकले आहे. अंगातला पीळ सैल पडला. एका कोळ्याने माझ्यावर संसार थाटला आहे. थाटू दे बापड्याला.

मला रंभाबाईने घडवले. तिने अंबाडीचा वाख मांडीवर वळून दोन दोऱ्या केल्या आणि मधे गोटा बसेल एवढी जाळी विणली. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरी दोरी मुठीत धरायची. डोक्याभोवती गरगर फिरवून मूठ सोडली की गोटा सुटे, आणि माझ्या आवाजाने राघूंचा थवा कणसांवरून भर्रकन उडे.

शहराच्या शनवारा दरवाजाबाहेर रंभाबाई आणि तिचा नवरा चुडामण यांचे लहानसे शेत होते. त्यातली ज्वारी हीच त्यांची वर्षभराची भाकरी. दाणा भरला की रंभाबाई दिवसभर शेतातल्या उंच माळ्यावर उभी राही. मावळतीच्या बांधाची एक ओळ मात्र ती पाखरांसाठी सोडायची. तिथे गोटा मारायचा नाही, असा तिच्या सासूपासूनचा नेम होता. आपली ओळ सोडून पाखरे आत घुसली, तर मात्र मी होतेच. माझ्या आवाजाने उठलेला थवा शेजारच्या यादवच्या बाभळीवर बसे. तिकडे दुसरा गोटा गेला की तापीकडे पळे.

"रंभा डोळे मिटूनबी बाभळीवर गोटा मारती," असे चुडामण कौतुकाने सांगत सुटे. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग कापडाची गिरणी आली. पगारदार माणसांना दरवाजाबाहेर, मोकळ्या हवेत घरे हवीशी झाली. यादवने शेत विकले, त्याचे तुकडे पडले. बाभूळ तोडून तिथे वामन मास्तरांचे कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, घर उभे राहिले.

त्या सुगीत एकदा थवा उठला आणि नेहमीसारखा बाभळीच्या दिशेने गेला. रंभाबाईचा हातही नेहमीसारखा फिरला. कवेलू फुटले आणि गोटा आत पाळण्याशेजारी पडला.

मास्तरांची बायको कमल लेकराला उराशी धरून धावत बांधावर आली. "रंभाबाई, थोडक्यात वाचलं हो माझं बाळ!"

रंभाबाई माळ्यावरून खाली उतरली. "चुकी झाली, मास्तरीणबाई. तिथं बाभूळ व्हती ना... हात आपोआप फिरला."

त्या दिवसापासून रंभाबाईने माझ्यात गोटा घातला नाही. ती मला रिकामीच फिरवायची. नुसत्या आवाजाला पाखरे किती दिवस भिणार? राघू मास्तरांच्या कवेलूंवर बसून आमची गंमत बघत आणि सावकाश कणसांवर उतरत. डबा बडवून पाहिला, तर नव्या घरांतून ओरड झाली की लेकरे झोपत नाहीत. खळ्यावर कणसे आली ती पोकळ. रंभाबाई एकेक कणीस हातावर चोळून बघत होती. मला ते बघवले नाही.

"अवो, पुढच्या साली फिरून पेरू," ती म्हणाली.

"कोनासाठी? राघूंसाठी?" चुडामण म्हणाला.

त्याने शेत विकले आणि गिरणीत कामाला लागला. माळा मोडला त्या दिवशी रंभाबाईने तिथून फक्त मला उचलून या खोलीत आणले.

दोन-तीन सुगी गेल्या. आमच्या शेतावरही घरे झाली. एके दिवशी कमल आमची खोली शोधत आली. "रंभाबाई, तुमची गोफण देता का? अंगणात गहू वाळत घातला की राघू तुटून पडतात. त्यांना दुसरीकडे कुठे दाणाच उरला नाही."

मला वाटले, आता रंभाबाई चार शब्द सुनावणार. पण तिने मला खुंटीवरून काढले, कोळ्याचे जाळे झटकले आणि कमलच्या हातात दिले.

"न्या ना. पन मास्तरीणबाई, गोटा कुठं माराल? चारीमेर घरंच हायेत."

कमलनेच मला पुन्हा खुंटीला अडकवले. कोळीही परत आला.

मित्रांनो, घरे जरूर बांधा, लेकरांना छप्पर हवेच. पण एका थकलेल्या गोफणीचे एवढे ऐका. गावाभोवती थोडी जमीन अशी राखा, की कोणी गोटा भिरकावला तर तो मातीतच पडेल.