तळाचा आकडा

जुन्या शालेय पुस्तकांची आमची साइट वर्षभर डुलक्या काढते आणि शाळा उघडतात त्याच दिवशी मान टाकते. गेल्या वर्षी तीनदा बंद पडली. यंदा शाळांच्या संघटनेने बजावलं होतं, पुन्हा पडली तर आम्ही दुसरी साइट बघू. शाळा सोमवारी उघडणार होत्या आणि शुक्रवार उजाडला होता.

साइटचा कारभार बघणाऱ्या माझ्या ताईचा नियम ठरलेला. डेटाबेसला विचारलेली जी क्वेरी उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ घेते, ती आधी सुधारायची. महिनाभर घाम गाळून आम्ही चाळीस सेकंदांचा एक अहवाल चार सेकंदांवर आणला. तो अहवाल दिवसातून दोनदा निघतो. साइट होती तशीच रडतखडत चालत होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

नव्या इंजिनियर मुलीने वेगळीच यादी केली. क्वेरीला लागणारा वेळ गुणिले ती दिवसातून जितक्या वेळा चालते तो आकडा.

"सर, ही बघा. एका वेळेला फक्त पाव सेकंद. पण कुणी कुठलंही पान उघडलं की चालते. डेटाबेसचा निम्मा वेळ हीच खाते. कुणी लिहिलीय?"

मीच लिहिली होती. आणि ती काय खाते हेही मला ठाऊक होतं. तीन वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'आजचे पाहुणे' असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा. तो दाखवण्यासाठी ही क्वेरी दर वेळी दिवसभराची माणसं पहिल्यापासून मोजते. साइट सुरू केली तेव्हा ताई आणि मी जेवणाच्या टेबलावर एकच कॉम्प्युटर घेऊन बसायचो. संध्याकाळी सहाला आई हात पुसत यायची, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायची आणि विचारायची, "आज किती आले?" तिच्यासाठीच मी तो आकडा घातला. पहिल्या दिवशी अकरा आले.

"त्यातले आपले किती?"

"नऊ."

"मग त्या दोघांच्या नावाने चहा टाकते," आई म्हणाली. काय सुखाचे दिवस होते ते! आईला जाऊन आता तीन वर्षं झाली.

मी ताईच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. "काढून टाकतो," म्हणालो.

"तुला माहीत होतं? आणि मी महिनाभर त्या अहवालाच्या मागे हात धुऊन लागले होते! गाढवा!"

मग तिने साइट उघडली आणि पान खाली सरकवत त्या आकड्यापाशी आणलं.

"काढू नकोस. आई दिवसातून एकदाच विचारायची ना? मग एकदाच मोज. सहाला."

इतकं साधं होतं. माया आडवी आली की अक्कल चालत नाही, दुसरं काय.

सोमवारी दिवसभर मी खुर्ची सोडली नाही. साइट पडली नाही. सहाला तळाशी आकडा उमटला. ताई दारात येऊन उभी राहिली, कपाळावरचा चष्मा तिने नाकावर आणला.

"आज किती आले?"

"एक लाख बारा हजार."

"त्यातले आपले किती?"

"एकही नाही, ताई."

"मग चहा टाकते," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.